अंगणाचा अभाव आणि गवताची निकड

शहरातील सदनिकांत प्राणी पाळावेत की पाळू नयेत, याविषयी आपल्याकडे जो वाद वारंवार उपस्थित होतो तो बहुतांशी कुत्र्यामांजरांच्या भोवतीच फिरत राहतो. परंतु गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांत, पुष्कळदा मुलांच्या हट्टापायी, ज्या एका लहानशा, निरुपद्रवी आणि स्वभावतः भित्र्या प्राण्याचा प्रवेश झाला आहे, त्या गिनीपिगाची कैफियत मांडण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ती येथे मांडण्याचे कारण असे की, या प्राण्याच्या संगोपनाविषयी दोन परस्परविरोधी मते रूढ होऊ पाहत आहेत आणि माझ्या मते ती दोन्ही सारखीच चुकीची आहेत. पहिले मत प्राणिप्रेमी मंडळींचे. गिनीपिग हा गवत खाणारा प्राणी, सबब ज्याच्या दाराशी हिरवळीचे अंगण नाही त्याने तो पाळणे हाच मुळी अन्याय होय, असे ही मंडळी कळकळीने सांगतात. दुसरे मत विक्रेत्यांचे. हा प्राणी खोक्यात राहतो, पाकिटातला दाणा खातो आणि त्याला याहून अधिक काही लागत नाही, असे ते गिऱ्हाइकाच्या गळी उतरवतात. पहिले मत मान्य केले तर मुंबईतील एकाही चाळकऱ्याला वा सदनिकाधारकाला हा प्राणी बाळगण्याचा अधिकार उरत नाही. दुसरे मान्य केले तर त्या प्राण्याचे आयुष्यच उरत नाही. माझे म्हणणे असे की, अंगणावाचून गिनीपिगाचे उत्तम चालते, गवतावाचून मात्र एक दिवसही चालत नाही. आणि ज्या कुटुंबाला रोजच्या गवताची तजवीज करता येते त्याने तिसऱ्या मजल्यावर राहूनही तो निःशंकपणे पाळावा.

अंगणाची अट किती आगंतुक आहे हे पाहावयाचे असेल तर या प्राण्याच्या मूळ प्रदेशाकडे वळले पाहिजे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर, आजच्या पेरू, बोलिव्हिया आणि इक्वेडोर या देशांच्या मुलुखात, इसवी सनापूर्वी कित्येक सहस्र वर्षे तेथील रहिवाशांनी गिनीपिग माणसाळविला, तो मांसासाठी. आणि त्याला ठेवले ते कुरणात अथवा बागेत न ठेवता स्वयंपाकघरात. चुलीच्या उबेला, मातीच्या जमिनीवर, भिंतीच्या कडेकडेने हे जीव मोकळे वावरत असत, आणि घरातील बायामुले शेताच्या बांधावरून कापून आणलेला पाला, मक्याची पाने आणि भाज्यांची सालपटे त्यांच्यापुढे टाकीत असत. पेरूच्या ग्रामीण भागात ही वहिवाट अद्यापि सुरू आहे. कुझ्को शहरातील कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या चित्रकाराने अठराव्या शतकात रंगविलेले येशूच्या अखेरच्या भोजनाचे एक मोठे चित्र आहे. त्यात मेजाच्या मध्यभागी ताटात वाढलेला प्राणी हा गिनीपिगच असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपल्यापैकी अनेकांना हा तपशील रुचणार नाही, हे मी जाणतो. परंतु ज्या लोकांनी या प्राण्याचा सहवास इतर कोणाहीपेक्षा दीर्घकाळ केला, त्यांनी त्याला हिरवळीवर कधी सोडले नाही, हिरवळच कापून त्याच्यापुढे आणली, ही गोष्ट या वादात निर्णायक समजली पाहिजे.

शिवाय रानावनात स्वच्छंद बागडणारा गिनीपिग ही आपल्या मनातील एक रम्य कल्पना आहे, इतकेच. पाळीव गिनीपिगाची जात निसर्गात आज कोठेही अस्तित्वात नाही. त्याचे जे रानटी आप्त अँडीजच्या परिसरात आढळतात ते उंच, भरड गवताच्या दाटीत दडलेल्या चोरवाटांनी वावरतात आणि उघड्यावर आले की जीव मुठीत धरून पळतात. चारही बाजूंनी मोकळ्या, बोटभर उंचीच्या, गालिच्यासारख्या कापलेल्या हिरवळीवर गिनीपिगाला ठेवले तर त्याला आनंद होण्याऐवजी प्रथम धडकीच भरते, आणि तो जागच्या जागी थिजून बसतो. पाहणाऱ्याला मात्र वाटते की स्वारी निवांत बसली आहे.

त्यातून आपल्याकडील हिरवळ म्हणजे काय, हेही तपासून पाहिले पाहिजे. गृहनिर्माण संस्थांच्या आवारात जी शोभेची हिरवळ राखलेली असते तिच्यावर कीटकनाशके व तणनाशके फवारली जातात. भटक्या आणि पाळीव कुत्र्यांचा तेथे राबता असतो. यंत्राने कापलेले गवत ढिगात पडून तासा-दोन तासांत गरम होते आणि आंबते, व तसे आंबलेले गवत खाल्ल्यास गिनीपिगाचे पोट फुगून तो दगावू शकतो. वर घारी आणि कावळे, खाली बोके आणि मुंगूस. अंगण असलेल्या घरातील गिनीपिग डोळ्यांदेखत उचलला गेल्याच्या हकिकती ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना तिसऱ्या मजल्यावरील जाळी लावलेल्या गॅलरीची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. अंगण असेल त्याने त्याचा उपयोग अवश्य करावा, परंतु स्वतः शेजारी बसून, आणि दडायला एखादे उपडे खोके ठेवून. ज्याच्यापाशी अंगण नाही त्याने मात्र आपण या प्राण्याला काही मोठ्या सुखापासून वंचित ठेवीत आहोत, अशी टोचणी मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

गवताची गोष्ट सर्वस्वी निराळी आहे, आणि तिच्याविषयी तडजोड संभवत नाही. गिनीपिगाच्या तोंडात वीस दात असतात. पुढचे कुरतडण्याचे आणि मागचे दळण्याचे, असे ते सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. त्यांची झीज व्हावी म्हणून निसर्गाने जी योजना केली आहे ती भरड, तंतुमय गवत अहोरात्र चघळण्याची. एखादी गवताची काडी त्याच्यापुढे धरून पाहावी. तो ती मध्यावर न धरता टोकाला धरतो, आणि मग जबडा मागेपुढे असा काही जलद हलू लागतो की काडी आपणहून आत सरकत असल्याचा भास होतो. तिचे बाहेरचे टोक थरथरत आखूड होत जाते, दाढांचा बारीक करकर आवाज येतो, आणि शेवटचा तुकडा नाहीसा होण्यापूर्वीच त्याची नजर दुसऱ्या काडीकडे वळलेली असते. दाणेदार खाद्याची गोळी मात्र दोन चाव्यांत चुरून जाते, तिने दाढांना काहीच काम पडत नाही. असे महिनोन्‌महिने चालले म्हणजे खालच्या दाढा वाढून जिभेवर कमान धरतात, प्राण्याला गिळता येईनासे होते, आणि समोर भरलेले ताट असताना तो उपाशी मरतो. मालकाला वाटते, त्याची भूक मंदावली.

जे दातांचे तेच आतड्याचे. मोठ्या आतड्याच्या आरंभी या प्राण्याला एक भली मोठी पिशवी असते. पचनसंस्थेतील निम्म्याहून अधिक ऐवज एकट्या तिच्यात सामावलेला असतो, आणि तेथे असंख्य सूक्ष्म जंतू गवताचा चोथा आंबवून त्यातून पोषक द्रव्ये तयार करतात. वरून गवत पडत राहिले तरच हा कारखाना चालतो. गिनीपिगाने अर्धा दिवस अन्नाला तोंड लावले नाही तर उद्या सकाळी पाहू असे म्हणण्याची मुभा आपल्याला नाही, त्याच दिवशी पशुवैद्याकडे धाव घेतली पाहिजे. याच जंतूंमुळे आणखी एक सावधगिरी अत्यावश्यक ठरते. पेनिसिलिन व त्याच्या वर्गातील औषधे, जी आपल्या घरातील कपाटात सहज सापडतात, ती गिनीपिगाच्या पोटात गेली तर आतड्यातील उपकारक जंतूंचा नाश होऊन तो प्राणास मुकू शकतो. म्हणून घरगुती औषधोपचाराला येथे पूर्ण मज्जाव असावा.

हिरव्या पाल्याची निकड कशी सिद्ध झाली, त्याचा इतिहास तर आपल्या सर्वांच्या आरोग्याशी निगडित आहे. नॉर्वेमधील आक्सेल होल्स्ट आणि थियोडोर फ्रोलिक हे दोन शास्त्रज्ञ बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. त्यांनी काही गिनीपिगांना नुसत्या धान्यावर आणि पावावर ठेवले, तेव्हा अपेक्षित रोग न होता त्या प्राण्यांना स्कर्व्ही झाली. आणि ताजी कोबी अथवा लिंबाचा रस दिला असता ती टळते, असे त्यांना आढळून आले. त्यांचे हे निष्कर्ष १९०७ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे क जीवनसत्त्वाचा जो शोध लागला त्याची वाट त्यांनी मोकळी केली. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. माणूस, वानर आणि गिनीपिग हे त्या शक्तीला मुकलेल्या थोड्या जिवांपैकी आहेत. प्रौढ गिनीपिगाला दररोज वजनाच्या दर किलोमागे साधारणतः १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, आणि ते बंद झाले तर दोन-तीन आठवड्यांत हिरड्यांतून रक्त येणे, सांधे सुजणे, उठबस नकोशी होणे ही लक्षणे दिसू लागतात. पाकिटबंद खाद्यात हे जीवनसत्त्व मिसळलेले असते खरे, पण कारखान्यातून निघाल्यानंतर तीन महिन्यांच्या आत ते पुष्कळसे नाहीसे होते. आणि आपल्या दमट, उष्ण हवेत दुकानाच्या फळीवर ते पाकीट किती काळ पडून होते याची खातरजमा कोण करणार? पाण्याच्या बाटलीत औषधाचे थेंब टाकण्याचा उपायही निरुपयोगी होय, कारण पाण्यात ते टिकत नाही. त्यापेक्षा ढोबळ्या मिरचीच्या दोन-तीन फोडी आणि मूठभर कोथिंबीर यांनी दिवसाची गरज सहज भागते.

या प्राण्याचे माणसावर जे ऋण आहे ते आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोचते. परळ येथील संस्थेला ज्यांचे नाव दिले आहे त्या वाल्देमार हाफकिन यांनी १८९२ साली पॅरिसमध्ये पटकीवरची लस तयार केली, ती त्या रोगाचे जंतू गिनीपिगांच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन. आणि तीच लस घेऊन ते पुढच्या वर्षी हिंदुस्थानात आले. आपल्या पूर्वजांपैकी किती जणांचे प्राण त्या अनामिक जिवांमुळे वाचले असतील, हे मनात आणले म्हणजे आपल्या गॅलरीतील दोन गिनीपिगांना रोज एक जुडी पाला आणून घालणे हा काही उपकार ठरत नाही.

आता मुख्य प्रश्न असा की, शहरात हे गवत आणावयाचे कोठून? पाकिटबंद टिमोथी गवत, म्हणजे शीत प्रदेशात पिकणारे आणि दूर देशांतून येणारे, हे आता घरपोच मिळते. ते उत्तम असते आणि ज्याला परवडते त्याने खुशाल घ्यावे. परंतु गवत म्हणजे तेवढेच, अशी जी समजूत पसरली आहे तिच्यामुळे सामान्य उत्पन्नाच्या घरात हा प्राणी अर्धपोटी राहतो. वस्तुतः आपल्या शहरांत गवताचा व्यवहार आजही चालू आहे. आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही, एवढेच. मुंबईत देवळाच्या कोपऱ्यावर गाय बांधून, समोर हिरव्या गवताच्या जुड्या रचून बसलेली बाई कोणी पाहिली नाही? येणारा-जाणारा भाविक दोन-पाच रुपये, दहा रुपये देतो, ती एक जुडी उचलून गाईपुढे टाकते, आणि नमस्कार करून तो पुढे जातो. अशा एका मावशींकडून मी कित्येक महिने गवत नेत आलो आहे. “गाईला नको, घरी न्यायचंय,” असे पहिल्यांदा सांगितले तेव्हा त्यांनी कारण विचारले, आणि कारण कळल्यावर वरची उन्हात सुकलेली जुडी बाजूला सारून पोत्याखालची ओली, ताजी जुडी काढून दिली. “लहान तोंडाला जाड कांडं नको,” म्हणाल्या, आणि जुडी सोडून तिच्यातली दोन-चार राठ कांडे काढून त्यांनी ती गाईपुढे टाकली. चाऱ्याची जी पारख त्यांच्या बोटांत होती ती मला प्राण्यांच्या कोणत्याही दुकानात आढळली नाही.

भुलेश्वरच्या परिसरात १८३४ साली स्थापन झालेल्या पांजरापोळाच्या आसपास, उपनगरांतील तबेल्यांच्या वाटेवर, आणि पुणे, सातारा, कोल्हापूर यांसारख्या गावी तर भाजीमंडईच्या तोंडाशीच हिरवा चारा मिळतो. त्यात लसूणघास असेल तर ती वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला द्यावी, प्रौढांना क्वचितच. कारण तिच्यात चुना अधिक असल्याने मुतखड्याचे भय असते. पावसाळ्यात मक्याची कणसे भाजणाऱ्यांच्या गाडीखाली हिरव्या सालपटांचा ढीग साचतो. तो त्यांना टाकून द्यावयाचाच असतो आणि गिनीपिगाला त्याहून प्रिय अन्न थोडेच असेल. फुलवाल्याकडच्या दूर्वाही चालतात, मात्र जुडीचा दोरा न विसरता सोडवावा आणि दूर्वा स्वच्छ धुवाव्यात. मंडईत भाजीवाला फ्लॉवरचा, गाजराचा, मुळ्याचा पाला मोडून बाजूला टाकतो तो मागून घ्यावा. बहुधा कोणी हरकत घेत नाही. पालक रोज देऊ नये. कांदा, लसूण, बटाट्याचे कोंब, टोमॅटोची पाने वर्ज्य समजावीत; आणि अळू तर कटाक्षाने दूर ठेवावे, कारण जे पान कच्चे खाल्ल्यास आपला घसा खाजतो ते या इवल्या घशाचे काय करील, याची कल्पना करावी. पोळी, भात, बिस्किटे, दूध यांची मायाही येथे अपायकारक आहे. घरी पाहुणे आले की ही माया फार उतू जाते, तेव्हा पिंजऱ्याशी एक चिठ्ठी लावून ठेवणे श्रेयस्कर.

याखेरीज ज्याला वितभर ऊन येणारी खिडकी आहे त्याला गवत पिकविताही येते, आणि ते कसे हे कोणत्याही मराठी घराला नव्याने शिकवावे लागणार नाही. नवरात्रात घटाभोवती माती पसरून आपण धान्य पेरतो, आणि नऊ दिवसांत त्याला वीतभर हिरवेगार अंकुर येतात. तीच कृती उथळ ट्रेमध्ये गहू किंवा जव पेरून वर्षभर चालू ठेवता येते. तीन-चार ट्रे दोन-तीन दिवसांच्या अंतराने पेरले की एक कापून होईतो दुसरा तयार होतो. बियाणे मात्र खाण्याचे घ्यावे, औषध चोळलेले घेऊ नये. आणि ज्वारी पेरू नये, कारण कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहे. हे अंकुर म्हणजे पूर्ण आहार नव्हे, ही मर्यादाही सांगितली पाहिजे; कोवळे गवत पाणीदार असते, त्याने दाढांची पुरती झीज होत नाही. पोटाचा मुख्य भार वाळलेल्या गवतावरच टाकावा लागतो, आणि ते रात्रंदिवस पुढ्यात असले पाहिजे.

वाळलेल्या गवताचा प्रश्न आपल्या हवामानात खरोखर बिकट आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. आपल्या डोंगरउतारांवर मारवेलसारखी उत्तम गवते होतात, आणि पावसाळा सरताना ती कापून गंजी रचण्याचा जुना शिरस्ता आहे. गावाकडे ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी एखादा भारा मागवून घेतला तर काही महिन्यांची बेगमी होते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. गवत फुलोऱ्यापूर्वी कापलेले, हिरवट छटेचे आणि सुवासिक असावे. आणि त्यात कुसळे नसावीत. डोंगरावरील कुसळी गवताची टोकदार कुसळे आपल्या धोतरा-साडीत रुततात तशीच या प्राण्याच्या जिभेत, गालात आणि डोळ्यात रुततात, आणि तेथे गळू धरते. भाताचा पेंढा अंथरायला चालेल, पण त्यात कस नसल्याने अन्न म्हणून तो पुरा पडत नाही. जून ते सप्टेंबर या काळात कोकणपट्टीतील हवेत कोणतेही गवत बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिले की त्याला बुरशी धरते, आणि ती बुरशी फुप्फुसांना अपायकारक असते. तेव्हा सुती पोत्यात, भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंचावर ते ठेवावे, आणि मूठभर काढताना प्रत्येक वेळी हुंगून पाहावे. कुबट वास आला तर मोहाला बळी न पडता टाकून द्यावे.

जागेविषयी फार विस्तार करीत नाही. दोन गिनीपिगांना निदान एक चौरस मीटर मोकळी जमीन हवी, उंची नसली तरी चालते, कारण हा प्राणी चढत नाही. पिंजऱ्याला तळाशी तारेची जाळी नसावी, तिने तळपायांना जखमा होतात. आणि जुन्या चादरी, सतरंज्या, वर्तमानपत्रे यांचे अंथरूण रोजच्या रोज बदलावे. उन्हाळ्याचा बंदोबस्त मात्र आधीपासून केला पाहिजे. अँडीजच्या थंड पठारावरचा हा जीव १८ ते २४ अंश तापमानात सुखी असतो, आणि पारा तिशीपलीकडे गेला की, विशेषतः मुंबईच्या दमट हवेत, त्याला उष्माघात होऊ शकतो. दुपारी गॅलरीतून आत आणावे. बसायला शहाबादी फरशीचा एक तुकडा द्यावा. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी.

एकटेपणाचे काय, हा प्रश्न अंगणाच्या प्रश्नाहून शतपटीने मोठा असूनही त्याची चर्चा होत नाही, याचे मला दुःख वाटते. गिनीपिग हा कळपात राहणारा प्राणी आहे. त्याची किणकिण, गुरगुर, दात वाजविणे, पाल्याच्या पिशवीचा आवाज ऐकताच घातलेली ती उंच शीळ, हा सारा व्यवहार सजातीयासाठी आहे. माणसाने त्यातला थोडासा वाटा आपल्याकडे घेतला आहे, इतकेच. स्वित्झर्लंडने २००८ सालच्या आपल्या प्राणिसंरक्षणविषयक नियमांत गिनीपिग एकटा ठेवण्यास मनाई केली, ती या स्वभावाची दखल घेऊनच. आपल्या घरात मुले शाळेत, आईवडील कचेरीत, आणि एकटा गिनीपिग सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका कोपऱ्यात, हे दृश्य ज्याने पाहिले असेल त्याला कायद्याच्या आधाराची गरज भासू नये. दोन पाळावेत, दोन माद्या असल्या तर सर्वांत सोयीचे. नर आणि मादी एकत्र ठेवले तर सुमारे दोन महिन्यांत पिल्ले होतात, आणि ती पिल्ले डोळे उघडे, अंगावर लव, तोंडात दात अशी जन्मतात व महिन्याभरात स्वतःही प्रजननक्षम होऊ लागतात. शिवाय सहा-सात महिन्यांचे वय उलटल्यावर पहिल्यांदा गाभण राहिलेल्या मादीच्या कटीची हाडे सैल होत नाहीत आणि प्रसूतीत तिचा प्राण जाण्याचा संभव असतो.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. इतका व्याप कोण करणार? सकाळी नोकरीची घाई, संध्याकाळी लोकलची गर्दी, त्यात गवतवालीकडे जा, पाला निवडा, कुसळे वेचा. हा आक्षेप मी हलका समजत नाही, उलट तो प्रामाणिकपणे घेणाऱ्याबद्दल मला आदर वाटतो. कारण प्राणी घरी आणण्यापूर्वी ज्याने हा हिशेब मांडला त्याने एका जिवावरील पाच ते आठ वर्षांचा संभाव्य अन्याय टाळला. गिनीपिग इतकी वर्षे जगतो. पाचवीतल्या मुलासाठी आणलेला प्राणी त्याच्या दहावीच्या परीक्षेच्या वेळी, आणि कदाचित ते मूल शिक्षणासाठी परगावी गेल्यावरही, घरातच असणार आहे. म्हणून तो मुलाच्या नावाने आणला तरी जबाबदारी वडीलधाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून आपल्या शिरावर घ्यावी. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी आणू नये. परंतु आपल्याला अंगण नाही, ही सबब त्यांनी पुढे करू नये, कारण अडचण अंगणाची नसते, रोजच्या सवडीची असते.

उरला प्रश्न विक्रेत्यांचा, आणि येथे शासनाने लक्ष घालणे अगत्याचे आहे. मुंबईच्या महात्मा जोतिबा फुले मंडईपासून गल्लीबोळांतील दुकानांपर्यंत हे प्राणी अरुंद पिंजऱ्यांत, नर-मादी एकत्र कोंबून, पुढ्यात धान्याचे दाणे टाकून विकले जाताना दिसतात, आणि गिऱ्हाइकाला त्यांचे वय, लिंग वा आहार यांविषयी धड माहिती मिळत नाही. केंद्र शासनाने १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम जारी केले, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली, आणि या नियमांतील पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत गिनीपिगाचा स्पष्ट नामनिर्देश आहे. तेव्हा कायद्याची तरतूद नाही असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती अंमलबजावणीची. नोंदणी करताना अधिकाऱ्यांनी दुकानदाराकडून तीन गोष्टींची हमी घ्यावी, असे मी सुचवितो: एकटा गिनीपिग विकला जाणार नाही, प्रत्येक विक्रीबरोबर प्राण्याचे लिंग, वय आणि आहार मराठीत लिहिलेला कागद गिऱ्हाइकाच्या हाती दिला जाईल, आणि दुकानात वाळलेल्या व हिरव्या गवताचा साठा कायम राहील. पैकी तिसरी हमी जो दुकानदार देऊ शकत नाही, त्याला गिनीपिग विकण्याची परवानगी असू नये.